हवीशी बातमी, नकोशी बातमी

श्रोतेहो, आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो मला पुस्तकांत भेटण्यापूर्वी माझ्या घरातच भेटला. म्हणून आरंभी घरचाच एक लहानसा प्रसंग सांगतो. २०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांतील ही गोष्ट. सारी मुंबई दार लावून बसली होती. मार्चअखेरीस तर काही दिवस दारात पडणारे वर्तमानपत्रही बंद झाले होते. सायंकाळ झाली की साथीचे आकडे जाहीर होत: नवे रुग्ण किती, बरे झालेले किती, दगावलेले किती. ती वेळ आली की मी खुर्ची पुढे ओढून दूरचित्रवाणीसमोर बसे, आणि ऐकलेले आकडे पुन्हा मोबाईलवर पडताळून पाही. माझी पत्नी मात्र निवेदकाचा पहिला शब्द कानी पडताच उठे, मेथीची जुडी आणि परात घेऊन आतल्या खोलीत जाई, आणि जाताना दार लोटून घेई.

एके दिवशी मला राग आला. "जगावर एवढे संकट कोसळले आहे, त्याची तुला काही फिकीर?" असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ती म्हणाली, "अहो, फिकीर आहे म्हणूनच उठते. हे ऐकून पुढे तुम्ही काय करता तेवढे सांगा, मग मीही बसते."

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. बातमीकडे धाव घेणारा मनुष्य जागरूक आणि बातमीपासून दूर पळणारा मनुष्य बेपर्वा, अशी आपली एक सोयीची समजूत असते. मीही तीच बाळगून होतो. पुढे या विषयावर जे संशोधन झाले आहे ते वाचता वाचता ध्यानात आले, की त्या सायंकाळी खुर्ची पुढे ओढणारा मी आणि दार लोटणारी ती, या दोघांनाही हलविणारी भावना एकच होती. आणि ती म्हणजे भय.

प्रथम धाव घेणाऱ्यांचा विचार करू. १९४५ सालच्या जूनअखेरीस न्यूयॉर्क शहरात वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्या कामगारांनी संप पुकारला आणि तो १७ दिवस चालला. शहराचे महापौर ला गार्डिया यांनी तर मुलांची निराशा होऊ नये म्हणून स्वतः नभोवाणीवरून वर्तमानपत्री चित्रमालिकांतील गोष्टी साभिनय वाचून दाखविल्या! त्याच सुमारास बर्नार्ड बेरेलसन या अभ्यासकाने मॅनहटनमधील ६० नागरिकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. वर्तमानपत्र न आल्याने तुमचे अडते काय, असा त्यांचा प्रश्न होता. जगात काय चालले आहे ते कळेनासे झाले, असे बहुतेकांनी मोठ्या गांभीर्याने सांगितले. आणि ते खरेही वाटावे, कारण जपानशी युद्ध अद्याप चालूच होते. परंतु नेमक्या कोणत्या घडामोडीचा धागा तुटला, असे खोदून विचारताच पुष्कळांची पंचाईत झाली. त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होत होते, एकटे पडल्यासारखे वाटत होते, सकाळ रिकामी जात होती. अमुक एक बातमी हवी होती, असे मात्र फार थोड्यांना म्हणता आले. बेरेलसन यांचा हा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो वाचनीय आहे. मला त्यातून असा बोध होतो, की आपण वर्तमानपत्र उघडतो ते केवळ माहितीसाठी नव्हे. आपल्या उंबरठ्यापर्यंत अजून काही आलेले नाही ना, याची रोज एकदा खात्री करून घ्यावयाची असते.

ही खात्री करून घेणारे मन अशुभ वार्तेला अधिक चटकन ओ देते. स्टुअर्ट सोरोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १७ देशांतील एक हजाराहून अधिक लोकांना दूरचित्रवाणीवरील बातम्या दाखविल्या, आणि त्या पाहत असताना त्यांच्या त्वचेला सुटणारा सूक्ष्म घाम व नाडीचा वेग मोजला. सरासरी पाहता, वाईट बातम्यांनी शरीर अधिक चाळवले जाते असे दिसून आले. पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली व ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. माणसामाणसांत फरक फार मोठा होता. पुष्कळांच्या बाबतीत असा कल दिसला नाही, कित्येकांच्या बाबतीत तर तो उलट होता. तेव्हा "लोकांना वाईटच हवे असते" असे जे आपण सरसकट म्हणतो, त्यात अर्धेच सत्य आहे.

मथळ्यांचेही असेच आहे. एका अमेरिकी संकेतस्थळाने एकाच मजकुराला निरनिराळे मथळे देऊन कोणता अधिक उघडला जातो याची नोंद ठेवली होती. अशा एक लाखाहून अधिक मथळ्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला, की तो उघडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष. वृत्तसंपादक मंडळींना यात नवे काही वाटणार नाही. परंतु पुढे बारकाईने पाहता असे दिसले, की दुःख सूचित करणारे शब्द वाचकाला ओढून आणत होते, तर भय सूचित करणारे शब्द त्याला किंचित दूरच सारीत होते. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी क्षणभर थांबावेसे वाटते. भयाशेजारी थांबवत नाही. ओढ आणि माघार या दोन्ही गोष्टी एकाच अशुभ वार्तेत अशा शेजारीशेजारी नांदत असतात.

महाभारतकारांना हे ठाऊक होते असे दिसते. भारतीय युद्धाच्या आरंभी व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली, तेव्हा त्याने ती नाकारली. आप्तांचा वध डोळ्यांनी पाहावयाचा नाही, पण ऐकावयाचा मात्र आहे, आणि तोही सविस्तर, असे त्याचे मागणे होते. संजयाला आपण पहिला वार्ताहर म्हणून नेहमी गौरवितो. या पहिल्या श्रोत्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

एकदा ओढ सुरू झाली की ती कोठवर जाते? १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत कॅलिफोर्नियातील संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा अधिक तास त्यासंबंधीच्या बातम्यांत बुडून राहिले, त्यांनी सांगितलेला मानसिक ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी वा जवळपास असलेल्यांपेक्षाही अधिक भरला. मुळातच जे भित्रे, तेच सहा तास बसले असतील, अशी शंका येथे घेता येते, आणि ती मला रास्त वाटते; पण तीही आपल्या विषयाच्या बाहेरची नाही. भ्यालेला मनुष्य धीर शोधण्यासाठी बातमीकडे जातो. बातमीत धीर नसतो, आणखी बातमी असते. मग तो पुन्हा जातो. जो स्फोटाच्या जागी होता त्याला निदान काही करता आले: तो पळाला, कोणाला उचलले, घरी निरोप धाडला. दूर खुर्चीत बसलेल्याला करण्याजोगे काहीच नव्हते. त्याच्या भयाला बाहेर पडण्यास वाट नव्हती.

आणि ही वाट नसणे हेच बातमी टाळण्याचेही एक मोठे कारण आहे. ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स संस्था दरवर्षी अनेक देशांत पाहणी करते. आपण कधीकधी वा वारंवार मुद्दाम बातम्या टाळतो, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१७ साली २९ टक्के होते. २०२४ साली ते ३९ टक्के झाले. खुद्द ब्रिटनमध्ये साथीच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या मध्य-एप्रिलमध्ये वारंवार किंवा नेहमीच बातम्या टाळणारे १५ टक्के होते, ते महिनाभरात २२ टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्या दिवसांत बातमीची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत माणसे तिच्यापासून उठून जाऊ लागली. कारणे विचारता बहुतेकांनी सांगितले, की मन खिन्न होते. कित्येक म्हणाले, की ऐकूनही आपल्या हातून काही होण्यासारखे नसते.

बातम्या टाळण्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते, ही गोष्टही या पाहण्यांतून पुनःपुन्हा दिसली आहे. येथे स्त्रियांना बाहेरच्या जगाविषयी आस्थाच कमी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेक विद्वान पुरुषांना झाला असेल. मला झालाच होता. बेंजामिन टॉफ आणि रूथ पामर या अभ्यासकांनी ब्रिटनमधील सामान्य कुटुंबांतील लोकांशी बोलून २०१९ साली जे लिहिले, ते वाचून मी ओशाळलो. ज्या स्त्रीवर मुलांचे, वृद्धांचे, आजाऱ्याचे करण्याची जबाबदारी आहे, तिची काळजी वाहण्याची शक्ती दिवसभर खर्ची पडत असते. उरलेली शक्ती ती राखून ठेवू पाहते. शिवाय बातम्या पाहणे हे घरातल्या पुरुषाचे काम अशी वाटणी नकळत झालेली असते. काही महत्त्वाचे असेल तर तो सांगेलच, असे ती धरून चालते. तो सांगतो का, हा प्रश्न निराळा.

टाळण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला काळजी वाहण्याची सबब चालणार नाही. संकट दिसताच शहामृग वाळूत डोके खुपसतो असे आपण म्हणतो. शहामृग बिचारा तसे काही करीत नाही; माणूस करतो. शेअरबाजारात पैसे गुंतविणाऱ्यांच्या वर्तनाचा अभ्यास कार्लसन, लोवेनस्टीन व सेप्पी यांनी २००९ साली प्रसिद्ध केला. बाजार वर जात असला की लोक आपली शिल्लक वारंवार पाहत, आणि बाजार घसरू लागला की पाहणे कमी होई. आकडा तर न पाहताही तोच राहणार! परंतु न पाहिलेला तोटा अजून पुरता आपला झालेला नसतो, अशी मनाची समजूत असते. रक्ततपासणीचा कागद दोन दिवस न उघडता खणात ठेवणारे सुशिक्षित गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांपैकी एक तर स्वतः डॉक्टर होते.

आता त्या सायंकाळच्या आकड्यांकडे परत येतो. ते रोज वाढत होते. मग माझे काळीजही रोज अधिक हलावयास हवे होते. ते का हलले नाही? पहिला मृत्यू ऐकला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. पुढे शेकड्यांनी ऐकू लागलो, आणि आकडे ऐकून जेवावयास बसू लागलो.

याचा उलगडा करताना मला आपल्याच इतिहासातील एका पत्राची आठवण होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा सर्वनाश झाला. त्यापूर्वी भाऊसाहेबांच्या छावणीकडून येणारी पत्रे थांबली होती, आणि नानासाहेब पेशवे काळजीने व्याकूळ होऊन फौजेसह उत्तरेकडे निघाले होते. वाटेत भेलशाच्या सुमारास एका सावकाराचा जासूद सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात सराफी भाषेत नुकसानीचा हिशेब होता: दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याला गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे कोण, ते सांगावयास नको. त्या सावकाराला गुप्तता राखावयाची होती. मनोव्यापाराचा सिद्धान्त सांगावयाचा नव्हता. तथापि शोकाची मोजणी मन कशी करते, हे त्याच्या लेखणीने बरोबर पकडले. दोघांसाठी मोती हा शब्द सापडला, काहींसाठी मोहरा. हजारो घरांतल्या हजारो कर्त्या पुरुषांसाठी मात्र खुर्दा.

अलीकडच्या प्रयोगांनी हेच निराळ्या मार्गाने दाखविले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यांतून हवे तेवढे आफ्रिकेतील भुकेल्यांसाठी देण्यास सांगितले. एका गटाला केवळ एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत व चित्र दाखविले. त्यांनी सरासरी २ डॉलर ३८ सेंट दिले. दुसऱ्या गटाला लाखो भुकेल्यांचे आकडे दाखविले. त्यांनी १ डॉलर १४ सेंट दिले. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखविली आणि आकडेही. या गटाकडून सर्वांत अधिक मिळावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल. मिळाले १ डॉलर ४३ सेंट. आकड्यांनी त्या मुलीला मोठे केले नाही; तिलाही खुर्द्यात ढकलले.

पानिपताची वार्ता पुण्यास पोहोचल्यावर जे घडले तेही या विषयाला धरून आहे. नानासाहेब त्या दुःखातून उठले नाहीत. २३ जून १७६१ रोजी ते पर्वतीवर निवर्तले. उलट, भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती गेल्याचे वर्तमान अखेरपर्यंत मानले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. एकाच बातमीने एकाला संपविले, आणि दुसऱ्या व्यक्तीने ती बातमी आत येऊच दिली नाही. त्यांच्या त्या नाकारण्याला मी भ्रम म्हणणार नाही. पण अनेकांच्या मनांत तीच आशा रेंगाळत राहिली, आणि तिचा लाभ एका तोतयाने उठविला. १७७६ साली कोकणात त्याने बंड उभे केले तेव्हा पानिपताला पंधरा वर्षे झाली होती. तरी त्याच्याभोवती माणसे जमली. नकोशी बातमी मनाने बाहेर ठेवली, की तेथे रिकामी जागा राहत नाही. हवीशी बातमी येऊन बसते, मग ती खोटी का असेना.

भयाविषयी एवढे बोललो. संतापाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची चाल सरळ आहे. काळजीत पडलेला मनुष्य निदान चौकशी करीत हिंडतो. संतापलेल्याला चौकशीची गरजच उरत नाही, त्याला फक्त दुजोरा हवा असतो. १९८२ साली बैरुत येथे निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले. त्याविषयीची दूरचित्रवाणीवरील वृत्ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील इस्रायलपक्षीय आणि अरबपक्षीय अशा दोन्ही गटांच्या विद्यार्थ्यांना दाखविण्यात आली. वृत्ते तीच, पडदा तोच. इस्रायलपक्षीयांना ती इस्रायलविरोधी वाटली, अरबपक्षीयांना अरबविरोधी. आणि ज्याला विषयाची माहिती अधिक, त्याला पक्षपात अधिक जाणवला. १९८५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आमच्या इमारतीच्या गच्चीवरही कोणत्याही निवडणुकीच्या मोसमात पडताळून पाहता येईल.

आता घरच्या गोष्टीचा उरलेला भाग. मी आकडे ऐकत असताना माझी पत्नी दाराआड केवळ मेथी निवडीत नसे. तिची मावशी पुण्यात एकटी राहत. रोज त्याच वेळी ही त्यांना फोन करी: दूध आले का, औषधे किती दिवसांची उरली, शेजारचा मुलगा सामान आणून देतो की नाही. हे मला पुष्कळ उशिरा कळले. एका आठवड्यात मावशींना ताप आला. राज्यातील त्या दिवसाचा आकडा मला तोंडपाठ होता. ताप कोणत्या वेळी चढतो, हे तिला ठाऊक होते.

पण येथे थांबलो तर मी सगळा न्याय तिच्याच पदरात टाकल्यासारखे होईल, आणि ते खरे नव्हे. मावशी त्या तापातून उठल्या. पुढे १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. बातम्या बंद ठेवलेल्या माझ्या पत्नीला ते दहा दिवस कळलेच नाही. मला पहिल्याच दिवशी कळले होते; परंतु त्या भांडणानंतर आमच्या घरात बातम्यांविषयी बोलणेच बंद झाले होते, आणि मावशी एकट्या आहेत हे मी आकड्यांच्या नादात विसरलो होतो. ते दहा दिवस आम्हां दोघांनाही पुष्कळ दिवस टोचत राहिले. मावशींना काही झाले नाही, हा केवळ दैवाचा भाग.

तेव्हापासून आम्ही एक रीत ठेवली आहे. सकाळी एकदाच मी बातम्या वाचतो. चहाच्या वेळी ती विचारते, "आज काही करण्यासारखे आहे का?" असेल तर मी सांगतो: पाणी येणार नाही, अमुक कागद अमुक तारखेपर्यंत द्यावयाचा आहे, गाडी उशिरा धावणार आहे. नसेल तर आम्ही दुसरे काही बोलतो. पुष्कळ दिवस हे सुरळीत चालले.

मागे एका सकाळी दूरदेशच्या युद्धाची बातमी वाचली. एका शाळेची होती. तीत आमच्याने करण्यासारखे काहीही नव्हते. ती सांगावी की न सांगावी, याचा निर्णय मला करता येईना, आणि चहा निवत चालला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, परात बाजूला सारली आणि म्हणाली, "सांगा."